'कदाचित'वरची रेघ

मंडळाच्या मासिकात एकोणीस वर्षांत 'कदाचित' हा शब्द एकदाही छापून आला नव्हता. चुकूनसुद्धा नाही. याचं श्रेय म्हणा, पाप म्हणा, एकट्या ताईचं होतं.

ताई मासिकाची मुद्रितशोधक. खिडकीजवळचं टेबल, लाल पेन, एक भिंग आणि मानेला पट्टा, एवढ्या सामानावर तिने वीसेक लेखकांना शुद्धलेखन शिकवलं होतं आणि त्यातल्या निम्म्यांशी तिचं कायमचं वाजलं होतं. तिच्या पाठीमागे सगळे तिला 'काना-मात्रा' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. त्या नावात ऱ्हस्व-दीर्घाची चूक कुणाला करता येत नाही, यावर ती समाधानी होती.

संपादक म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. बाहेर तो 'सर', तिचा 'दादा'. निवृत्त मास्तर, मंडळाचा अध्यक्ष, नागरी समितीचा सभासद, आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे 'लेखनाचे अकरा नियम' यांचा कर्ता. हे नियम चौकटीत घालून कार्यालयाच्या भिंतीवर लावलेले होते. त्यातला चौथा दादाचा सगळ्यांत लाडका: 'कदाचित, बहुधा, असेल, वाटते हे पळपुट्यांचे आडोसे आहेत. लेखकाने भूमिका घ्यावी.'

भूमिका घ्यावी म्हणजे दादाची घ्यावी, हे नियमात लिहिलेलं नव्हतं. ते लेखकांना आपोआप कळायचं.

सभेत, समितीत, भाजीच्या दुकानात, दादाचा प्रश्न एकच असायचा: "हो की नाही?" पुलाचं काम निकृष्ट आहे, हो की नाही? वाचनालयाची वेळ बदलावी, हो की नाही? कुणी "तसं नाही सर, त्याचं काय आहे..." असं सुरू केलं की दादा हात वर करायचा. लोक त्याला घाबरायचे, पण मानायचेही. गोलगोल बोलणाऱ्या माणसांच्या गर्दीत एक माणूस सरळ बोलतो, याचं कौतुक कुणाला नसतं? वहिनीला तेवढं नव्हतं. भाजीत मीठ कमी आहे की नाही, याचंही तिला चाळीस वर्षं एका शब्दात उत्तर द्यावं लागत होतं.

ताईची मात्र भावावर श्रद्धा होती. अक्षरं त्यानेच तिला गिरवायला शिकवली. नवरा गेल्यावर त्याने तिला घरात खोली दिली आणि मासिकात टेबल दिलं. लोकांची तोंडं चुकवत बसायच्या दिवसांत तिला एक ठाम माणूस हवा होता आणि तो घरातच मिळाला. तेव्हा चौथा नियम तिने डोळ्यांत तेल घालून पाळला. एकदा एका तरुण कवीने 'कदाचित ती येईल' अशी कविता पाठवली. ताईने पहिला शब्द उडवला आणि क्रियापद सरळ केलं. झालं काय, तर जी येईल की नाही म्हणून बिचारा सोळा ओळी झुरत होता, ती पहिल्याच ओळीत येऊन बसली आणि उरलेल्या पंधरा ओळी तो विनाकारण रडत राहिला. कवीने पुन्हा काही पाठवलं नाही. दादा म्हणाला, "बरं झालं. रडका होता."

या गोष्टीवर ताई नंतर कितीदा तरी हसली होती. पुढे जे झालं त्यानंतर तिला ते हसू आठवलं की लाज वाटायची.

एका मंगळवारी दुपारी कार्यालयाच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, काटक, तळहातांना घट्टे. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मासिकाचा गेल्या महिन्याचा अंक, नीट घडी न मोडता ठेवलेला.

"मासिक इथंच होतं का?"

"इथंच. वर्गणी भरायचीय?"

"नाही. मी पाण्याच्या खात्यातला. चावीवाला."

गल्लीगल्लीत पाणी सोडायची जमिनीखालची जी झडप असते, तिला सगळे चावीच म्हणतात. आणि लांब दांडीने ती रोज उघडणारा-मिटणारा तो चावीवाला. ताईने त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. अंक काढून त्याने एकतिसावं पान उघडलं आणि एका ओळीखाली नख ठेवलं.

"हे कुणी बघितलं, तेवढं सांगा. मला त्याला भेटायचंय."

ओळ होती: 'कोपऱ्यावरची चावी चावीवाल्याने उघडी ठेवली.'

लेख ताईच्या लक्षात होता. दीड महिन्यापूर्वी चष्मेवाल्याच्या गल्लीत पहाटे पाणी शिरलं होतं. दुरुस्तीसाठी तिथला नळ कापून ठेवला होता. आदल्या संध्याकाळी चावी बंद व्हायला हवी होती. पण पहाटे वरून पाणी सुटलं आणि कापलेल्या तोंडातून भसाभसा बाहेर आलं. अकरा दुकानं भिजली, मंडळाच्या वाचनालयातली खालची तीन कपाटं भिजली. चष्मेवाल्याला लिहायची हौस. त्याने 'पाण्याची सकाळ' नावाचा ललित लेख लिहिला, तो अंकात आला आणि लोकांना आवडला.

"मला घरी बसवलंय," चावीवाला म्हणाला. "चार आठवडे झाले. परवा गुरुवारी चौकशी आहे. कागदात हाच लेख लावलाय. साहेब म्हणतात, प्रत्यक्ष बघणाऱ्यानं लिहिलंय, आता तू काय सांगणार? सव्वीस वर्षं नोकरी झाली माझी. एवढ्या वर्षांत मेमो नाही एक."

"लेख खात्याकडे कुणी दिला?"

"तुमच्या सरांनीच. ते आहेत ना चौकशीला, नागरिकांकडून."

ताई उठली. लेखकांची हस्तलिखितं ती वर्षभर जपून ठेवायची. लेखक उलटले तर दाखवायला असावीत म्हणून. कपाटातून तिने गेल्या महिन्याचा गठ्ठा काढला, दोरी सोडली, चष्मेवाल्याची पानं शोधली. तिसऱ्या पानावर निळ्या शाईत लिहिलं होतं: 'कोपऱ्यावरची चावी कदाचित चावीवाल्याने उघडी ठेवली असेल, कदाचित नसेलही, मला भिंगातलं कळतं, चावीतलं नाही.'

पहिल्या 'कदाचित'वर लाल रेघ होती. 'असेल'वर लाल रेघ होती. स्वल्पविरामापासून पुढच्या सगळ्या वाक्यावर एक लांब, सरळ, पट्टी न घेता मारलेली लाल रेघ होती, आणि समासात बारीक अक्षरात: 'नियम ४'.

ती रेघ मारताना आपण काय विचार करत होतो, हे ताईने आठवून पाहिलं. काहीच नाही. पोळी उलटताना बाई जेवढा विचार करते, तेवढाही नाही.

तिला ती पानं परत बांधता आली असती. "चौकशी करते हं," म्हणून माणसाला वाटेला लावता आलं असतं. तिने पान त्याच्यासमोर ठेवलं.

"हे कुणी बघितलेलं नाही. लिहिणाऱ्याने 'कदाचित' म्हटलं होतं. ते मी काढलं."

चावीवाल्याने निळी अक्षरं वाचली, लाल रेघा पाहिल्या, पुन्हा निळी अक्षरं वाचली. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही तिथं होता का, बाई?"

"नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

ताईने पानं गोळा केली. ती म्हणाली, "गुरुवारी किती वाजता आहे चौकशी?"

त्याच संध्याकाळी ती चष्मेवाल्याच्या दुकानात गेली. दुकान आता कोरडं होतं, पण भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओल होती. चष्मेवाला गोड माणूस. समोरच्याचा नंबर काढतानाही 'हे बरं दिसतंय की ते?' असं वीस वेळा विचारणारा. त्याच्यासारख्याला चौथ्या नियमाखाली लिहायला लावणं हा खरं तर छळच होता.

"तुम्ही चावीवाल्याला पाहिलं होतंत का?" ताईने विचारलं.

"पाहिलं ना. म्हणजे... लेखात आहेच की."

"लेखात मी घातलंय. तुम्ही 'कदाचित' लिहिलं होतं."

"हो का?" चष्मेवाला मनापासून चकित झाला. "अहो, पण मला तर स्पष्ट आठवतंय. संध्याकाळ होती, तो दांडी खांद्यावर टाकून निघालाय, चावी तशीच..." तो थांबला. त्याने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि परत डोक्यावर ठेवला. "थांबा हं. त्या संध्याकाळी मी दुकानात होतो का? की मेहुणीकडे गेलो होतो?"

"मला काय विचारता?"

"मेहुणीकडेच होतो, ताई." त्याचा चेहरा पडला. "छापलेलं इतकं छान वाटत होतं हो! दहा जणांनी फोन केले. म्हणाले, काय धीटपणा, काय वाक्य आहे! मी ते वाचत गेलो, वाचत गेलो, आणि मग ते मला दिसायलाच लागलं."

ताईला त्याला चार शब्द सुनवावेसे वाटले, पण कुठल्या तोंडाने सुनवणार? एका माणसाच्या डोळ्यांत न पाहिलेली संध्याकाळ घालायचं काम तिच्या पेनाने केलं होतं. "गुरुवारी तुम्हाला बोलावलंय," ती म्हणाली. "तिथे मेहुणीचं सांगा."

"सरांसमोर?" चष्मेवाल्याने विचारलं.

बुधवारी सकाळी चहाच्या वेळी ताईने दादासमोर विषय काढला. ती आडूनआडून बोलली नाही. ते त्याच्याकडूनच शिकली होती.

"दादा, पाण्याच्या लेखात माझ्याकडून चूक झालीय. पुढच्या अंकात दुरुस्ती छापू या. आणि उद्या चौकशीत तू सांग की हा पुरावा धरू नका."

दादाने कप खाली ठेवला. "चूक कसली? शुद्धलेखनाची?"

"अर्थाची. त्याने 'कदाचित' लिहिलं होतं."

"मग तू काढलंस ते बरोबरच केलंस. नियम आहे."

"माणसाची नोकरी जातेय."

"चावी उघडी होती. हो की नाही?"

"मला माहीत नाही."

"पाणी आलं. हो की नाही? चावी त्याच्या ताब्यात होती. हो की नाही? मग उरलं काय? हे बघ, या शहरात इतकी वर्षं काही घडलं की प्रत्येक जण हात झटकतो. कदाचित असं झालं असेल, कदाचित तसं. कुणाचं काही वाकडं होत नाही. पहिल्यांदा एका लेखामुळे कारवाई झाली. साहित्याने हेच करायचं असतं. आणि तू ते मागे घ्यायला निघालीस?"

दादाचं बोलणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. हात झटकणारे ताईनेही आयुष्यभर पाहिले होते. पण तिच्या डोळ्यांसमोरून ते घट्टे पडलेले तळवे हलेनात.

"साहित्याने करायचं ते करू दे," ती म्हणाली. "पण हे त्याने लिहिलेलंच नाही. हे मी लिहिलंय, आणि मी काही पाहिलेलं नाही."

"आपलं मासिक दुरुस्ती छापत नाही. एकदा छापली की लोक प्रत्येक ओळीबद्दल विचारायला लागतील."

"विचारू देत की."

वहिनी ओट्याशी उभी होती. तिने मागे न बघता म्हटलं, "मला आपलं वाटतं, ताईचं कदाचित बरोबर असेल."

'वाटतं', 'कदाचित' आणि 'असेल', तिन्ही एका वाक्यात! दादाने बायकोकडे असं पाहिलं, जणू तिने पाहुण्यांसमोर शिवी दिली. मग तो बहिणीकडे वळला आणि त्याचा आवाज खाली आला.

"उद्या तिथे यायचं नाहीस. ते कागद कार्यालयाचे आहेत. आलीस तर त्या टेबलावर परत बसू नकोस."

ते टेबल म्हणजे तिचं निम्मं घर होतं, आणि उरलेलं निम्मंही याच माणसाचं होतं. ती आपल्या खोलीत गेली, पलंगावर बसली, आणि दहा मिनिटं चांगली रडली. मग तिने तोंड धुतलं आणि हस्तलिखिताची पानं पिशवीत घातली. रडणं वेगळं आणि ठरवणं वेगळं. तिचं ठरलं होतं.

पाण्याच्या खात्यातली चौकशीची खोली लांबट होती. भिंतीला फायलींचे गठ्ठे, वर कुरकुरणारा पंखा, टेबलामागे तिघं: मधे नव्यानेच बदलून आलेल्या इंजिनिअरबाई, एका बाजूला कारकून आणि दुसऱ्या बाजूला दादा. ताई आत आली तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. चावीवाला भिंतीशी उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. चष्मेवाला खुर्चीच्या अगदी कडेवर.

कारकुनाने लेखातली ओळ वाचून दाखवली. इंजिनिअरबाईंनी चष्मेवाल्याला विचारलं, "हे तुम्ही पाहिलंत?"

चष्मेवाल्याने दादाकडे पाहिलं. "म्हणजे... छापलंय तसंच आहे."

"छापलंय ते मी वाचलं. तुम्ही पाहिलंत का?"

तो घामाघूम झाला. दादा म्हणाला, "सरळ सांगा. हो की नाही?"

ताई उठली. "बाई, त्यांनी लिहिलेलं मूळ पान माझ्याकडे आहे. मी मासिकाची मुद्रितशोधक. लाल शाई माझी आहे."

"ही कागदपत्रं इथे आणायचा हिला अधिकार नाही," दादा म्हणाला.

"आणली आहेत तर बघते," इंजिनिअरबाई म्हणाल्या. त्यांनी पान घेतलं आणि निळं वाक्य मोठ्याने वाचलं, रेघांखालच्या शब्दांसकट. 'मला भिंगातलं कळतं, चावीतलं नाही' यावर कारकुनाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घालवलं.

"अक्षर तुमचं?"

"माझं," चष्मेवाला म्हणाला. आणि मग, धरण फुटावं तसा, एका दमात, "मी काही पाहिलं नाही बाई, मी मेहुणीकडे होतो, तिच्या मुलीचा वाढदिवस होता, हवं तर फोटो आहेत!"

"आणि हे 'नियम ४' काय आहे?"

"आमच्याकडे शंका छापत नाहीत," ताई म्हणाली. "शंका काढून टाकायचं काम माझं. मी जागेवर नव्हते, मला चावीतलं काही कळत नाही, आणि तरी मी हे वाक्य पक्कं केलं. या माणसाला ज्यावरून घरी बसवलंय तो पुरावा नाही, माझ्या पेनाची सवय आहे."

दादाचा चेहरा दगडासारखा झाला होता. तो चावीवाल्याकडे वळला. "लेख राहू द्या बाजूला. तुम्हीच सांगा. त्या संध्याकाळी चावी बंद केलीत. हो की नाही?"

आता चावीवाल्याने 'हो' म्हणायचं आणि घरी जायचं, एवढंच उरलं होतं. खोलीतल्या प्रत्येकाला ते दिसत होतं. ताईने मनातल्या मनात त्याच्या वतीने 'हो' म्हणूनही टाकलं.

चावीवाला म्हणाला, "साहेब, रोज सदतीस चाव्या करतो मी. डोकं करत नाही, हात करतात. केली असणार. पण या बाईंनी आत्ता स्वतःचं नुकसान करून खरं सांगितलं, आणि मी त्यांच्यासमोर ठोकून देऊ? मला ती चावी आठवत नाही."

ताईने डोळे मिटले. गेली नोकरी, तिला वाटलं. माझं टेबलही गेलं आणि याची नोकरीही गेली.

"झालं तर मग," दादा म्हणाला.

"काय झालं?" इंजिनिअरबाईंनी पेनाचं टोपण दातातून काढलं. "एकाने पाहिलं नाही, एकाला आठवत नाही. चावी काय म्हणते? खड्डा उघडून कुणी बघितला?"

कारकुनाने फाइल पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. "नाही, बाई. वरची लाइन बंद केली, गल्लीला दुसरीकडून पाणी दिलं. खड्डा गाळाने भरलाय. आणि ते छापूनच आलं होतं ना, म्हणून मग..."

"दीड महिना!" इंजिनिअरबाई उभ्या राहिल्या. "चला."

भर दुपारी चष्मेवाल्याच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पाच माणसं एका खड्ड्याभोवती उभी होती आणि सहावा खड्ड्यात होता. चावीवाल्याने इस्त्रीचा शर्ट काढून चष्मेवाल्याकडे दिला होता. तासभर त्याने बादलीने गाळ उपसला. दुकानदार दारात येऊन बघत होते. दादा सावलीत उभा होता, हाताची घडी घालून; खात्री असलेला माणूस जसा वाट बघतो तसा.

झडप उघडी पडली. चावीवाल्याने आपली लांब दांडी तिच्या टोकावर बसवली.

"चौदा फेऱ्यांत बंद होते ही," तो म्हणाला. "बंद असेल तर दांडी हलणारच नाही."

दांडी हलली.

"उघडी!" दादा म्हणाला. सावलीतून तो दोन पावलं पुढे आला. "उघडीच होती."

चावीवाल्याचा चेहरा पांढरा पडला. पण हात थांबले नाहीत. पाच. नऊ. चौदा. अठरा. पंचवीस. दांडी लोण्यातून फिरावी तशी फिरतच राहिली. त्याने उलटं फिरवून पाहिलं. तीच तऱ्हा.

इंजिनिअरबाई गुडघ्यांवर बसल्या आणि वाकून स्वतः दांडीला हात लावला. "आटे गेलेत आतले. नुसती सळई फिरते, पाणी अडवणारं पाळं खाली उतरतच नाही. ही चावी हजार वेळा बंद केली तरी उघडीच राहणार."

"मग त्यानं बंद केली होती की नाही?" चष्मेवाल्याने विचारलं.

"ते आता देवसुद्धा सांगू शकणार नाही. आटे त्याच दिवशी गेले की आधी, कोण सांगणार? पण ह्याला घरी बसवायचं कारण नाही. ही झडप बदलायची, आणि अशा आणखी किती आहेत ते बघायचं." त्या चावीवाल्याला म्हणाल्या, "उद्यापासून कामावर या. बाकीच्या छत्तीस आधी तपासू."

चावीवाला खड्ड्यातच बसला, गाळात, आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ताईला त्याच्याकडे बघवेना. तिने दुसरीकडे पाहिलं, तर समोर दादा.

"म्हणजे उघडीच होती," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता, पण माघारही नव्हती. "वाक्य बरोबरच निघालं शेवटी."

"उघडी राहिली होती, दादा. आपण 'ठेवली' छापलं."

"एका क्रियापदाचा फरक."

"त्या क्रियापदाने याला चार आठवडे घरी बसवलं. आणि ते छापलं म्हणून कुणी खड्ड्यात वाकून बघितलं नाही. तू नाही, मी नाही. पुढच्या पाण्यात आणखी अकरा दुकानं गेली असती आणि आपण आणखी एक चावीवाला शोधला असता." तिला वाटलं होतं, हे बोलताना आपल्याला राग येईल. राग आला नाही. समोरचा माणूस तिला म्हातारा दिसला, आणि तिला त्याची माया आली, आणि तरीही तिचं मन तसूभर हललं नाही. "दुरुस्ती येणार, दादा. पान एकतीस, मूळ वाक्य, कुणी बदललं ते, आणि खाली माझं नाव."

"माझ्या मासिकात नाही. हा माझा शेवटचा शब्द."

"शेवटचा शब्द मी वाचते," ताई म्हणाली. "एकोणीस वर्षं. मी 'छापा' असं लिहून सही केल्याशिवाय छापखाना मशीन सुरू करत नाही. तुला दुसरं माणूस मिळेल, जरूर घे. पण हा अंक टेबलावर आहे आणि तो माझ्या हातून जायचाय."

दादाने तोंड उघडलं. सवयीने त्याचा हातही वर गेला, समोरच्याला थांबवायला. पण समोर थांबायला कुणी नव्हतं. ताईने साडीच्या निऱ्या जराशा वर धरल्या, खड्ड्याच्या कडेने जपून वळसा घातला आणि ती कार्यालयाच्या रस्त्याला लागली. चिखलाचे पाय फरशीवर उमटले तर पुसावे लागतील, असा विचार तिच्या मनात आला. मग तिने तो सोडून दिला.